हातापेक्षा पाय कामाचे

प्रिय नंदू,

तुझं पत्र परवा मिळालं. "फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसून पाय मारत मासे धरायचे, म्हणजे आता तू पाळण्यात बसून गळ टाकणार का?" हे वाचून एकटाच मोठ्याने हसलो. कर चेष्टा, हरकत नाही. पण तुझ्या हाताला जी फेक आहे ती आठवूनच हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं. डोंगरातल्या तळ्यावर फ्लोट ट्यूबमध्ये बसलास की तुझी ती सुरेख फेक फारशी उपयोगाला येणार नाही. तिथे मासा पायांनी धरावा लागतो.

आधी ही वस्तू काय आहे ते ऐक. सुरुवातीला लोक ट्रकच्या चाकातली ट्यूब घ्यायचे, तिच्यावर कॅनव्हास शिवायचे आणि मध्ये बसायला एक पट्टा लावायचे. त्या गोल ट्यूबमध्ये शिरायचं म्हणजे कसरत आणि घाईत बाहेर पडायचं तर त्याहून मोठी कसरत. आता यू किंवा व्ही अक्षराच्या आकाराच्या, पुढून उघड्या ट्यूब मिळतात. माझ्या ट्यूबला दोन्ही बाजूंना हवेचे वेगवेगळे कप्पे आहेत, बसायची जागा आणि पाठही हवेचीच. एखाद्या कप्प्याने दगा दिला तरी बाकीचे काठापर्यंत आणून सोडतात. मांडीवर जाळीचं कापड ताणलेलं असतं. ओढून घेतलेली लाइन, म्हणजे गळाची दोरी, त्यावर पडते आणि पायात गुंतत नाही. त्याच कापडावर मासा मोजायची पट्टीही छापलेली आहे, त्यामुळे तुला तुझ्या माशांच्या लांबीबद्दल जरा जपून बोलावं लागेल.

हवा मात्र तळ्याकाठी पोचल्यावरच भरायची. ३००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के असतो. खालीच गच्च फुगवून गाडीच्या टपावर बांधलीस तर वर पोचेपर्यंत शिवणी ताणून बसतील. पाण्यात ठेवली की उलटं होतं. गार पाण्याने आतली हवा आकसते आणि ट्यूब मऊ पडते. म्हणून थोडा वेळ पाण्यात राहू द्यायची, मग पंपाचे अजून चार दाब मारायचे. दुपारी बाहेर काढून उन्हात ठेवणार असलास तर तेवढीच हवा सोडून द्यायची.

कपड्यांत कंजुषी करू नकोस. छातीपर्यंतचा, पाणी आत न येऊ देणारा वेडर, म्हणजे पावलांसकट झाकणारी विजार, लागतोच. आत लोकरीची किंवा तशाच उबदार कापडाची एक विजार, फार गार असेल तर दोन. नदीत उभं राहून गळ टाकताना माणूस चालतो, दगडांवरून चढतो, अंग तापतं. इथे पाय तासन् तास बर्फ वितळलेल्या पाण्यात लोंबकळत असतात आणि काम करतात तेही अगदी मंद. हवेत ऊन चटके देत असतं आणि गुडघ्याखाली थंडी चढत असते, अशी ती विचित्र अवस्था. वेडरमध्ये पाणी शिरलं की माणूस सरळ तळाला जातो, अशी भीती सगळेच घालतात. त्यात तथ्य नाही, पाण्यातल्या पाण्याचं वजन कुठलं? खरा त्रास काठावर चढताना होतो, कारण पाण्याने भरलेले पाय उचलवत नाहीत, आणि गारठा तर आधीच हाडात शिरलेला असतो. म्हणून कमरेचा पट्टा घट्ट बांधायचा आणि लाइफ जॅकेट अंगावर घालायचं, मागच्या खिशात नाही. (आणि हो, पाण्यात उतरण्यापूर्वी झाडामागे जाऊन ये. तळ्याच्या मध्यावर ती आठवण झाली तर त्या सगळ्या थरांतून मार्ग काढणं अशक्य आहे.)

पायांत पाणबुडे घालतात तसे फिन्स. ते घालून सरळ चालता येत नाही, त्यामुळे पाण्यात उलटं, पाठमोरं शिरायचं. पाणी मांडीपर्यंत आलं की खाली बसायचं. तळ सुटतो त्या क्षणी पोटात जरा गोळा येतो. मग पाय मारून बघतोस आणि लक्षात येतं की आपण मागे मागे चाललोय. काठ समोर, आणि तो दूर दूर जातोय.

सगळी गंमत ह्या उलट्या चालीत आहे. तू ज्या पाण्यावरून गेलास, त्याच पाण्यातून मागाहून तुझी फ्लाय, म्हणजे किड्यासारखा किंवा जळूसारखा दिसावा म्हणून पिसं-धागे बांधलेला गळ, येत असते. बुडणारी लाइन वीस-पंचवीस मीटर सोडायची, रॉडचं टोक पाण्याला टेकवून ठेवायचं, लाइन एका बोटाखाली धरायची आणि पाय हलवायचे. हलवायचे म्हणजे इतके हळू की तुला वाटेल आपण जागीच आहोत. जोरात मारलेस की लाइन वर उचलली जाते आणि फ्लाय माशांच्या डोक्यावरून निघून जाते. थांबलास की ती खाली खाली जाते. म्हणजे फ्लाय किती खोल पोहते हे तुझे पाय ठरवतात, हात नाही. मला ओढ जाणवते ती बहुतेक वेळा थांबून पुन्हा पाय मारायला घेतो तेव्हा. बुडत चाललेली जळू अचानक वर उठून पळायला लागली असं माशाला वाटत असणार. वळतानाही तसंच. डावा पाय थांबवून एकटा उजवा मारलास की ट्यूब फिरते, लाइन बाक घेते, फ्लायचा वेग क्षणभर बदलतो आणि तेवढ्यात दणका बसतो. काठावर वर्षानुवर्षं उभा राहून मला वेगाबद्दल जे कळलं नव्हतं, ते ह्या ट्यूबने शिकवलं.

मासे कुठे असतात हेही बऱ्याचदा पायांनाच आधी कळतं. तळ्यात एखादा ओढा येऊन मिळत असेल तर तिथून जाताना पोटऱ्यांवरून गार पाण्याचा पट्टा सरकतो. खालून पाणवनस्पती वर आलेल्या असतील तर त्यांचे शेंडे फिन्सला घासतात. मग एवढंच करायचं, त्या वनस्पतींच्या कडेकडेने जायचं, वरून नाही. डोळ्यांनी शोधायची गोष्ट म्हणजे रंग. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लावलास की उथळ पाण्याचा हिरवट रंग एका रेषेवर संपून गडद निळा सुरू होतो, तो उतार दिसतो. ट्राउट त्या उतारावर घुटमळतात, खाणं उथळात आणि लपायची जागा खोलात.

उन्हाळ्यात खोल तळ्याचं पाणी थरांत विभागतं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड, म्हणून गार पाणी तळाशी बसतं आणि तापलेलं वर तरंगतं. ट्राउटला साधारण १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. भर उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट झालं की ते खाली उतरतात, पण तळाला कधीकधी प्राणवायू कमी पडतो, म्हणून फार खोलही जात नाहीत. अशा दिवसांत लाइन सोडल्यावर आकडे मोजायचे. वीसपर्यंत मोजून पाय मारायला घेतले आणि काही लागलं नाही तर पुढच्या खेपेला तीस. आकडा सापडला की दिवसभर तोच धरून बसायचं. तुला हे कंटाळवाणं वाटेल, मला त्यातच मजा येते.

आता एक गोष्ट सांगतो, ती काठावरून तुला कधीच दिसली नसती. एका सकाळी मांडीवरच्या जाळीवर काडीसारखं काहीतरी चढताना दिसलं. हिरवट, बारीक, शेपटीला तीन पिसं. टाचणीचं पिल्लू, म्हणजे चतुरासारख्या त्या बारीक उडत्या किड्याचं. ही पिल्लं पाण्यात वाढतात आणि पंख फुटायची वेळ आली की पोहत काठाकडे निघतात, वाटेत जे सापडेल त्यावर चढतात. त्या दिवशी तिच्या वाटेत मी होतो. पट्टीवरच्या आकड्यांच्या मधोमध ती थांबली. पाठीवर एक चीर पडली, त्यातून आधी फुगीर पाठ आली, मग डोळे, मग चुरगळलेले पंख. मी रॉड आडवा ठेवून नुसता बघत बसलो. पंख उलगडायला, वाळायला चांगलाच वेळ गेला. ती उडाल्यावर रिकामी कातडी तशीच जाळीला चिकटून राहिली. मग डोकं चालवलं. पिल्लं काठाकडे पोहताहेत, तर मासेही त्यांच्या वाटेवर असणार. बारीक ऑलिव्ह रंगाची फ्लाय बांधली, साधी तरंगणारी लाइन घेतली आणि पाण्याच्या जेमतेम खालून हळूहळू ओढत काठाच्या दिशेला आणायला लागलो. पुढचा तासभर हाताला उसंत मिळाली नाही.

मासा लागला की काय होतं ते तर ऐक. काठावर तुझे पाय जमिनीत रोवलेले असतात. इथे तू तरंगतोस, म्हणून चांगला मासा तुला ट्यूबसकट फिरवतो. तो डावीकडे पळाला की तुझं तोंड आपोआप डावीकडे वळतं. खाली घुसला की रॉड थेट तुझ्या मांडीवर वाकतो. पायांनी त्याच्यापासून दूर जायचं, लाइन ताठ ठेवायची, घाई करायची नाही. जवळ आला की तो आणि तू एकाच पातळीवर असता, हाताच्या अंतरावर. उभं राहून जाळ्यात घेताना माशाच्या अंगावरचे ठिपके असे दिसत नाहीत. टोकाशी उलटा काटा नसलेला गळ वापर. तो माशाच्या तोंडातून सहज निघतो, आणि तुझ्या बोटातूनही, आणि टोचलाच तर ट्यूबमधूनही. हात ओला करून मासा पाण्यातच ठेवायचा, चिमट्याने गळ फिरवायचा, की झालं. पाण्याबाहेर काढायची गरजच पडत नाही. फोटोसाठी तू हट्ट करशील, मी ऐकणार नाही.

तुझ्या फेकीबद्दल आता सरळच बोलतो. ट्यूबमध्ये तू पाण्यापासून हातभर उंचीवर बसलेला असतोस. मागे नेलेली लाइन पाण्यावर आपटते, फेक निम्म्यावर येते. म्हणून रॉड जरा लांब, साडेनऊ-दहा फुटी घे आणि मागची फेक उंच ने. पण लांब फेकायची गरजही नसते. माशाला पाण्याखालून बाहेरचं जग जेमतेम ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं आणि पाण्यालगतचं सगळं त्या खिडकीच्या कडेला चेपलं जातं. उभा माणूस त्याला लांबून दिसतो, बसलेला नाही. दहा मीटरवर मासे बिनधास्त चरत असतात.

भीती एकाच गोष्टीची बाळग, वाऱ्याची. सकाळी आरसा असलेलं तळं दुपारपर्यंत उसळतं, कारण डोंगराचे उतार तापले की दरीतला वारा वर सुटतो. ट्यूबचा वेग सावकाश चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी, वाऱ्याशी तिची बरोबरी नाही. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडाला जायचं, परतताना वारा पाठीशी घ्यायचा. पलीकडच्या काठाला ढकलला गेलास तर मुकाट उतरून चालत यायचं, त्यात कमीपणा नाही. ढग गडगडले की लगेच काठ गाठायचा. हातातला कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो आणि तळ्यावर सगळ्यात उंच तूच असतोस. नांगर टाकून बसायचा मोह होईल, तोही नको. वारा वाढला की नांगराची दोरी ट्यूबला खाली ओढायला लागते.

पुढच्या महिन्यात बर्फ उतरलेला असेल, तेव्हा ये. पहिला दिवस शांत पाण्यात, काठालगत, रॉडशिवाय घालवायचा, नुसते पाय मारायचे आणि वळायचं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते धरून चल. येताना तुझं वेडर आणि फिन्स आधीच्या पाण्यातून आणणार असशील तर खडखडीत वाळवून आण. एका तळ्याचं शेवाळ आणि जीवजंतू दुसऱ्यात न्यायला ओला बूटसुद्धा पुरतो. ट्यूब माझ्याकडे जास्तीची आहे. फिन्स मात्र जाड मोज्यांवर आणि वेडरच्या बुटांवर चढावे लागतात, नेहमीच्या मापाचे चालत नाहीत. तेव्हा बुटाचा नंबर उलट टपाली कळव. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझाच,
सुधा