बदामाच्या दुधाला फॅट किती लागली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत गाई-म्हशीचं दूध आणि वनस्पतींचं दूध यांच्यावर पानभर मजकूर आला होता. खाली रंगीत तक्ता होता. बदाम, ओट, सोया, नारळ यांच्यापुढे हिरव्या खुणा, म्हशीच्या दुधापुढे दोन लाल फुल्या. तक्ता मी दोनदा वाचला. प्रथिनांचा रकानाच सापडला नाही. म्हणून हे पत्र.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या दूध सोसायटीवर मी ३१ वर्षं दूध तपासलं. १० मिली ॲसिड, पावणेअकरा मिली दूध, वर १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून नळी मशीनमध्ये फिरवायची आणि मग वरची फॅटची सोनेरी रेघ कुठं थांबली ते वाचायचं. माझ्या जुन्या सदऱ्यांना त्या ॲसिडची भोकं आहेत, सौ.नं त्यांची फडकी केली, तरी भोकं दिसतातच. सांगायचं एवढंच की त्या ओट्यावर दुधाच्या रंगाचं कौतुक कुणालाच नव्हतं. पांढरं तर सगळ्यांचंच असतं. उन्हं चढायच्या आत कॅन घेऊन आलेला माणूस एकच विचारायचा, ‘आबा, आज फॅट किती लागनी?’ गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारा घन भाग), म्हशीच्याला सहा आणि नऊ. त्याखाली गेलं की भाव कापला. भाऊबंद असला तरी कापला.

असा माणूस घरच्या नातीच्या बाबतीत मात्र फसला.

माझी लेक नाशिकला असते. मे महिन्यात ती अडीच वर्षांच्या पोरीला घेऊन गावी आली आणि पोरीला हगवण लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस दूध थांबवा, दही-ताक चालेल, मग थोडं थोडं सुरू करा. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं द्रव्य आतड्याच्या अस्तरात तयार होतं, आणि हगवणीत ते अस्तर खरवडलं जातं. काही आठवड्यांत ते परत भरून येतं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं, चूक त्यांची नाही. लेक नाशिकला परतली आणि पंधरा दिवसांचे सहा महिने झाले. पोरीला दूध ‘सोसत नाही’ हे घरात पक्कं होऊन बसलं आणि बदामाच्या दुधाचे खोके येऊ लागले. लेकीनं फोनवर मला विचारलं होतं. मी म्हणालो, ‘बदाम म्हणजे ताकदच, दे की!’ हे वाक्य माझंच आहे, ते मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

दिवाळीला पोर आली ती मे महिन्यातल्याच झबल्यात मावत होती. अंगणवाडीच्या काट्यावर उभी केली. सहा महिन्यांत शंभर ग्रॅम वाढ. सगळा दोष बदामाचा नसेलही, जेवणात पोरीचे नखरे आहेतच. पण मी चष्मा लावला आणि खोक्याची मागची बाजू पहिल्यांदा वाचली. १०० मिलीला प्रथिनं अर्धा ग्रॅम. बदाम अडीच टक्के. बाकी पाणी, घट्टपणासाठी डिंक, चिमूटभर मीठ.

आता हिशोब करा. पोर दिवसाला ३०० मिली पीत होती. तेवढ्या गाईच्या दुधातून साडेनऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ११-१२ ग्रॅम प्रथिनं आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे गरजेचा मोठा वाटा दुधातूनच भागतो. बदामाच्या त्या पाण्यातून मिळत होती दीड ग्रॅम. बदाम वाईट आहे असं नाही. १०० ग्रॅम बदामात २० ग्रॅम प्रथिनं असतात, पण लिटरभर खोक्यात बदाम किती? अडीच टक्क्यांनी २५ ग्रॅम, म्हणजे वीस-बावीस दाणे. बाजारात तेवढे बदाम पंचवीस रुपयांत मिळतात आणि खोका अडीचशेच्या वर. ते भिजवून, वाटून पोरीला चारले असते तर उरलेल्या पैशांत आठवडाभराचं दही आलं असतं.

जुन्या पेटीतून मी लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा दाटपणा तरंगून दाखवणारी काचेची नळी, काढला. माझा पूर्वीच्या पद्धतीचा आहे, दांडीवर वरती डब्ल्यू म्हणजे पाणी आणि खाली एम म्हणजे निर्भेळ दूध. खोक्यातल्या दुधाच्या पेल्यात सोडला तर तो डब्ल्यूच्या जवळपर्यंत बुडाला. ही गंमत झाली, शास्त्र नव्हे. लॅक्टोमीटर गाई-म्हशीच्या दुधासाठीच असतो, आणि तिथंही त्याला फसवता येतं. साय काढून पाणी घातलं की तो गप्प राहतो. पण शेजारच्या म्हातारीनं ते पाहिलं आणि विचारलं, ‘हाई दूध शे का पानी?’ लेकीला त्या प्रश्नाचा राग आला. मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक. काही खोक्यांवर ‘कॅल्शियमयुक्त’ असं मोठ्या अक्षरात असतं. हे कॅल्शियम वरून घातलेली पूड असते आणि ती तळाशी बसते. आम्ही नमुना घेण्याआधी कॅनमध्ये प्लंजर खालीवर मारायचो, नाहीतर साय वर राहते आणि फॅट खोटी येते. इथं उलटं आहे: खोका खदाखदा हलवल्याशिवाय ओतला तर कॅल्शियम शेवटच्या पेल्यात, किंवा खोक्याबरोबर कचऱ्यात. बी-१२ जीवनसत्त्वाचंही तसंच. ते वनस्पतीत नसतं, वरून घातलं असेल तरच मिळतं. आमच्याकडे माळकरी घरं पुष्कळ, अंडं-मटण नाही. अशा माणसाला बी-१२ मिळायची वाट दूध-दही-ताक एवढीच. त्यानं दूध सोडताना हे पाहूनच सोडावं.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, हा म्हातारा डेअरीचा वकील आहे. तर ऐका, मी स्वतः रोज सोयाबीनचं दूध पितो. तीन वर्षांपूर्वी छातीत दुखलं, कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी सायीचं दूध बंद केलं. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश, आणि तोही बहुतेक तुपाच्या जातीचा. माझ्या वयाला तो परवडत नाही. सून सोयाबीन रात्री भिजत घालते, सकाळी सालं चोळून काढते, वाटून गाळते आणि चांगलं वीस मिनिटं उकळते. उकळणं टाळू नये; कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारी द्रव्यं असतात. वास पहिले आठ दिवस नकोसा वाटतो, मग वेलदोडा घातला की भागतं. त्यात १०० मिलीला तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, जवळजवळ गाईच्या दुधाइतकी. कॅल्शियम मात्र कमी, त्याची भरपाई मी नागलीची भाकरी आणि तिळाची चटणी खाऊन करतो. म्हणजे तुमच्या तक्त्यात चौघांना एकाच ओळीत हिरवी खूण मिळाली आहे, आणि त्या चौघांत सोया एकटंच त्या खुणेच्या लायकीचं आहे. नारळाच्या दुधाची जागा कालवणात.

ओटच्या दुधाचा अनुभव सौ.चा. तिला मधुमेह आहे. जावयानं कौतुकानं आणलं, वर लिहिलेलं ‘साखर घातलेली नाही’. ते खरंच होतं. पण विकर (एन्झाइम) घालून ओटमधल्या पिठाचे तुकडे करतात आणि त्यातूनच माल्टोज नावाची साखर तयार होते, म्हणून ते वरून साखर न घालताही गोड लागतं. नुसता एक पेला घेतला आणि दोन तासांनी घरच्या यंत्रावर आकडा पाहून तिनं उरलेलं ओट माझ्याकडे सरकवलं.

दुधाच्या धंद्याची बाजूही झाकायची नाही. जनावरांची कीव येऊन ज्यांनी दूध सोडलं त्यांना मी हसत नाही. रेडकू झालं की त्याला आईच्या कासेला लावत नाहीत आणि ते महिन्याभरात ‘आपोआप’ जातं, हे मी पाहिलं आहे, त्या म्हशीचं दूध मापलंही आहे. शिवाय नुसतं दूध पाजून वाढवलेल्या मुलांच्या अंगात रक्त नसतं, कारण दुधात लोह नगण्य. पोर दूध पिते म्हणून भाकरी-भाजीला सुट्टी, असं करणाऱ्या आयाही आमच्या गावात आहेत.

नावावरून भांडायची मला हौस नाही. दूध म्हणजे दुभत्या जनावराचंच, असं म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये या कंपन्यांना ‘दूध’ शब्द वापरायला मनाई केली, म्हणून हल्ली खोक्यावर ‘ड्रिंक’ लिहितात. लोक म्हणायचं ते म्हणतातच.

नात सध्या आमच्याकडेच आहे. डॉक्टरांना विचारून आधी दही सुरू केलं, मग अर्धी वाटी दूध, आता सकाळ-संध्याकाळ एकेक कप. पोट बिघडलेलं नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी दह्यात कुस्करून दिली की नखरे न करता खाते. मागच्या सोमवारी काट्यावर बारा किलोला तीनशे ग्रॅम कमी भरली.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या रविवारी तोच तक्ता परत छापा, पण त्यात १०० मिलीमागे प्रथिनं किती, हा एक रकाना आकड्यांत द्या. जागा कमी पडत असेल तर खुणा आणि फुल्या काढून टाका.

आपला,
एक निवृत्त दूध तपासनीस
ता. अमळनेर, जि. जळगाव
(नाव-पत्ता सोबत जोडला आहे, छापू नये. लेक अजून रागावलेली आहे.)