मधली बारा वर्षं कुणी लिहीत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मोठा खेळाडू रिटायर झाला की खेळाच्या पानावर नुसती मेडलांची बेरीज येते, हे खूप दिवसांपासून खटकतंय म्हणून लिहितोय.

नॉर्वेचा बायथलॉनपटू (बायथलॉन म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र) ओले आयनार ब्यॉर्नडालन घ्या. २००२ ला सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकला पुरुषांच्या चारही शर्यतींत गोल्ड, हे सगळे सांगतात. पण त्यानंतर एकट्याच्या शर्यतीतलं पुढचं ऑलिंपिक गोल्ड त्याला मिळालं थेट २०१४ मध्ये, सोचीत, वयाच्या ४० व्या वर्षी! २००६ च्या तुरिनला तर एकही गोल्ड नाही, दोन सिल्व्हर आणि एक ब्रॉंझ, २०१० ला गोल्ड मिळालं पण ते रिलेत. ही मधली वर्षं तो दर हिवाळ्यात तीच मेहनत करत राहिला, आणि माझ्या मते त्याचं खरं करिअर तिथेच आहे.

आणि खेळ किती अवघड आहे बघा, कमीत कमी साडेतीन किलोची रायफल पाठीवर घेऊन जीव तोडून स्कीइंग करत यायचं, छाती भात्यासारखी धपापत असते, त्यातच पालथं पडून ५० मीटरवरचं लिंबाएवढं टार्गेट पाडायचं, म्हणजे दोन श्वासांमधल्या त्या क्षणभरात ट्रिगर ओढायचा. सोचीच्या त्या १० किलोमीटर स्प्रिंटमध्ये त्याची एक गोळी हुकली होती. एक हुकली म्हणजे दीडशे मीटरचा दंडाचा फेरा, वीसेक सेकंद तिथेच जातात. ऑस्ट्रियाच्या लांडर्टिंगरची एकही हुकली नव्हती, तरी ब्यॉर्नडालन १.३ सेकंदांनी जिंकला, म्हणजे चाळिशीतल्या पायांनी तो दंड भरून काढला की हो! मला तर २००२ च्या चार गोल्डपेक्षा हे एक मोठं वाटतं.

शेवटही सोपा नव्हता. २०१८ च्या ऑलिंपिकसाठी टीममध्ये त्याची निवडच झाली नाही, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ४४ व्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली, हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा त्रासही सुरू झाला होता. ज्या माणसाने आयुष्यभर धडधडत्या छातीने नेम धरला त्याच्या बाबतीत हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

अशा खेळाडूंवर लिहाल तेव्हा मेडलांचा तक्ता जरा छोटा करा साहेब, आणि त्या जागेत ही मधली वर्षं येऊ द्या.

आपला नेहमीचा वाचक