पाचर

ती. आई-बाबा, सा. न.

बाबा, परवा शेजारच्या काकांना तुम्ही सांगत होतात, "पोरगी पुण्याला शेतकी खात्यात आहे." फोन चालूच होता. हसले खरी, पण बारा वर्षांत माझं काम मी तुम्हाला नीट सांगितलंय कुठे?

आई, तुझ्या बिरड्यापासूनच सुरू करते. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. आणि कच्चट राहिले तर पोटाला बाधतात, हे तुझंच म्हणणं. त्यामागे दाण्यातलं एक प्रोटीनही असतं. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम अन्नातली प्रथिनं तोडतं. हे प्रोटीन त्याच्या जबड्यात पाचरीसारखं अडकून बसतं. नीट शिजवलं की त्याचा बराचसा जोर उतरतो. झाडाने ती पाचर आपल्यासाठी ठेवलेली नाही, किडीसाठी ठेवलीय.

वालातल्या या प्रोटीनचे स्फटिक कमला सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये मिळवले. १९५५ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापून आलं. आई, या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या आणि शिकल्या. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली, तीही बटाट्यावर काम करून! आणि इतकं करून परत आल्यावर वाल, नीरा असल्या आपल्या गोष्टींकडे वळल्या. मला त्यांचं हेच फार आवडतं.

ही पाचर हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटे अळीला कितपत लागू पडते, ते मी बघते. बाबा, "मग औषध कधी?" असं विचारू नका. अळी महा लबाड. एक एन्झाइम अडलं की पाचर बसणारच नाही असं दुसरं तयार करते. सुरुवातीला खुरटलेली वाढ दिसते, आपण खूश होतो, आणि आठवड्याभरात बाईसाहेब पुन्हा गुबगुबीत.

दिवाळीला सुट्टी नाही म्हटलं होतं ना, ते खोटं होतं. सुट्टी होती. सात महिन्यांचं काम वाया गेलं होतं आणि तुम्हाला तोंड दाखवायचं नव्हतं. पाडव्याला स्वेटर घालून ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये थेंब थेंब प्रोटीन गोळा करत बसले होते.

भातानंतर ओलीवर टाकलेले कडवे वाल यंदा दोन किलो राखून ठेवा. एक लॅबला, एक बिरड्याला. शिमग्याला येते, नक्की. सोलायला मी बसेन.

तुमची,
धाकटी