शनिवारी मुलांसोबत गाणं बांधायचंय

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी सकाळी 9 वाजता सहावी-सातवीची मुलं मिळून स्वतःचं गाणं बांधणार आहेत. सुरुवात तालापासून: केरवा या तालाच्या 8 मात्रा (म्हणजे ठोके), 'धा गे ना ती, न क धी ना', आधी टाळ्यांवर, मग झांजांवर. हात बसल्याशिवाय शब्दांकडे वळायचं नाही. मुलं यमकामागे धावतात आणि ओळ तालाबाहेर जाते, हे नेहमीचंच. लांबलेली ओळ त्यांनीच टाळी देत छाटावी; तुम्ही दुरुस्त करून देऊ नका, कितीही मोह झाला तरी! एक गट ठेका धरेल, दुसरा ओळी सुचवेल, मग अदलाबदल. दादरा हा दुसरा ताल पुढच्या वेळी. ढोलकी मंडळाची आहे. टाळ, झांजा, खंजिरी घरी असल्यास आणा. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नावं कळवावीत.