कोठ्याच्या जागी भाजी

पुणे
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. आई आणि बाबा,
सा. न.

बाबा, आधी तुमच्याशी बोलायचं आहे. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं" म्हणून फोन आईच्या हाती दिला असता, म्हणून लिहिते. बैलांच्या कोठ्यावरची टिनं येत्या रविवारी उतरणार आहेत. शेजारच्या काकूंच्या मोठ्याशी बोलणं झालं, मजुरीचे पैसेही त्याला पोचले. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं नसतं, पण त्या रात्री नीट जेवलाही नसता. ढवळ्या गेल्यापासून तुम्ही मागचं दार उघडत नाही, हे आईनं मला सांगितलंय. तिच्यावर रागावू नका.

खुंटा उपटायचा नाही आणि गव्हाण फोडायची नाही, हे मी त्या पोराला दोनदा बजावलं आहे. जाणार ती फक्त टिनं आणि वाळवी लागलेल्या बल्ल्या. येत्या उन्हाळ्यातल्या पहिल्याच वावटळीत ती टिनं कोणाच्या तरी अंगावर गेली असती. शिवाय बल्ल्यांच्या ढिगाऱ्यात उंदीर, आणि उंदरामागे साप. आई अंधारात तिकडे जाते. वावर ठोक्यानं कसायला दिलं तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पण तेव्हापासून तुमचा दिवस खाटेवर जातो. डॉक्टरांनी चालायला आणि पालेभाजी खायला सांगितलं. गावात बाजार आठवड्यातून एकदा, चौथ्या दिवसापासून घरात आलू आणि बेसन. तुमच्या शुगरला हे परवडत नाही. पुण्याला या म्हणून मी आता आग्रह करणार नाही, ते राहू द्या. पण त्या आवारात भाजी लावायची, हे मी ठरवून टाकलंय.

शिकवते म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कपाशी, तूर, सोयाबीन यातलं तुम्हाला मी काय सांगणार? पण आपल्या घरी भाजी कायम बाजारातूनच आली, आणि भाजीच्या वाफ्याची रीत वावरापेक्षा वेगळी आहे. वावरात एकदा पेरलं की उलंगवाडीपर्यंत तेच पीक. वाफ्यात थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पेरायचं. पहिल्याच वर्षी हात भाजतात ते बहुतेक वावराच्या सवयीनं: एकदम भरपूर पेरणं, भरपूर पाणी, मूठ भरून युरिया आणि काही दिसलं की फवारणी.

आई, गव्हाण तुझी. गुडघे मोडून बसायचं नाही असं तुला सांगितलंय, आणि गव्हाण बरोबर मांडीच्या उंचीवर येते, उभ्यानं काम होईल. ती आठ फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर खोल आहे. पुढच्या भिंतीला, तळाला लागून, दर दोन फुटांवर अंगठ्याएवढं एक भोक पाडायला सांगितलंय. ही भोकं नसली तर पाणी तळाशी साचतं आणि मुळं कुजतात. वरून माती कोरडी दिसते, आपण आणखी पाणी घालतो, आणि रोप पिवळं पडत जातं. भोकांवर आतून नारळाच्या शेंड्या ठेव, म्हणजे माती वाहून जाणार नाही. तळाला दोन बोटं विटांचे तुकडे. वर साधारण चाळीस घमेली भरतील: वीस काळी माती, बारा कुजलेलं शेणखत, बाकी वाळलेला पाला चुरून. वाळू टाकू नको. भारी काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळली की ती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर विटेसारखी बसते. माती मोकळी करतं ते शेणखत आणि पाला. पहिल्या पाण्यानं सगळं दोनतीन बोटं खाली बसेल, तेव्हा वरून पुन्हा भर.

शेणखत हाताळून घ्या, बाबा. काळं, भुसभुशीत, मुठीत दाबलं तर वास न येणारं हवं. कच्चं शेण घातलं तर ते मातीत कुजताना तापतं, कोवळी मुळं जळतात, आणि हुमणी आणि वाळवीला तर आमंत्रणच. उकिरड्याचा वरचा थर बाजूला सारून खालचं काढा.

जमिनीवर दोनच वाफे करायचे. तीन फूट रुंद, आठ फूट लांब, मध्ये दोन फुटांची वाट. तीन फुटांपेक्षा रुंद करू नका, मधोमध हात पोचत नाही, मग वाफ्यात पाय पडतो आणि माती दबते. ती जागा इतकी वर्षं खुरांनी तुडवलेली आहे, शिवाय गोमूत्राचे क्षार मुरलेले. म्हणून सबलीनं फूटभर खोल उकरून घ्यायची (हे त्या पोराचं काम, तुमचं नाही), एकदा भरपूर पाणी देऊन क्षार खाली जाऊ द्यायचे, वाफसा आला की ढेकळं फोडून प्रत्येक वाफ्यात दोन घमेली शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळायची. वाफा वाटेपेक्षा वीतभर उंच ठेवायचा. परतीचा पाऊस अजून एखादा येऊ शकतो, आणि आपली काळी माती पाणी धरून बसते. खुंटा पहिल्या वाफ्याच्या डोक्याशी येतो. तो तिथेच राहील. फेब्रुवारीत त्याच्यावरून दोडक्याचा वेल चढवू.

उकरताना खिळे, टिनाचे तुकडे, काच निघेल. बाबा, पायात बूट घातल्याशिवाय तिकडे जायचं नाही. चप्पल नाही, बूट. शुगरमध्ये पायाची जखम लवकर भरत नाही, आणि लागलेलं तुम्हाला कळतही नाही.

गव्हाणीत मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे इथली कोथिंबीर. मेथी डब्यातलीच चालेल, मूठभर पुरे. पण सगळी गव्हाण एका दिवशी पेरू नको, आई. दोन दोन फुटांचा तुकडा धर आणि दर दहाबारा दिवसांनी पुढचा पेर. एकदम पेरलं तर एका आठवड्यात दहा घरी वाटायची वेळ येते आणि पुढचा महिना गव्हाण रिकामी. मेथी चौथ्यापाचव्या दिवशी उगवते, महिन्याभरात खुडायला येते. पालकाचं बी रात्रभर भिजवायचं. तो आठ-दहा दिवस घेतो, पण मुळासकट उपटू नको, जमिनीपासून दोन बोटं ठेवून इळ्यानं काप. तीनचार वेळा तरी फुटेल. सांबाराचं बी म्हणजे अख्खा धना. त्यात दोन बिया असतात, म्हणून पाटावर ठेवून बेलण्यानं हलकं दाबायचं, दोन फाकी झाल्या की थांबायचं. पूड झाली तर ते बी गेलं. मग बारा तास भिजवून पेर. सांबार दहा-पंधरा दिवस दिसतच नाही. तोवर उगवलं नाही म्हणून उकरून पाहू नको. तू पाहशील, मला माहीत आहे.

बी खोल गाडलं की दम लागून मरतं. बियाच्या जाडीच्या दोनतीन पट मातीचा थर पुरे, मेथीला तर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा. कृषी केंद्रातून आणलेलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्यावर औषध चढवलेलं असतं. ते स्वयंपाकघरात ठेवायचं नाही, पेरल्यावर हात साबणानं धुवायचे.

बाबा, वाफे तुमचे. एकात चार टमाटर, दुसऱ्यात चार वांगी, कडेला तीन मिरच्या आणि झेंडू. दोन माणसांना एवढं भरपूर होतं. यंदा बी टाकत बसू नका, रोपं आणा: वीतभर उंच, खोड जाड, पाच-सहा पानं असलेली, फूल न आलेली. फूल आलेलं रोप दुकानात छान दिसतं, पण ते लावल्यावर वाढत नाही. लागवड संध्याकाळी, दोन दोन फुटांवर. कपाशीची ओळ चार फुटांवर धरणाऱ्याला हे अंतर दाट वाटेल, वाटू द्या. टमाटर पहिल्या पानांपर्यंत खोल लावायचं, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. वांगी आणि मिरची मात्र रोपवाटिकेत होती तेवढीच खोल. टमाटराला तुराट्यांचा आधार आत्ताच रोवा, नंतर रोवला तर मुळं तुटतात. बांधायला सुतळी नको, आईच्या जुन्या पातळाची चिंधी, सैल.

कुंपणाला कपाशीची वाळलेली पराटी वापरायची नाही. शेतातली पराटी घराजवळ रचली की गुलाबी बोंडअळी तिच्यात मुक्काम करते. बांबू आणि जुन्या साड्या लावा, शेळ्या त्यानं थांबतात. वानरांना ते पुरत नाही, त्यांच्यासाठी वरून जाळी पाठवते.

भेंडी आत्ता लावायची नाही. ती कपाशीच्याच कुळातली. कपाशी संपत आली की तिच्यावरची ठिपक्यांची अळी आणि पांढरी माशी भेंडीवर येते. शिवाय थंडीत ती खुरटते. फेब्रुवारीत पाहू.

पाण्याचं नीट वाचा, सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. उगवेपर्यंत रोज सकाळी हलका शिडकावा. नंतर दोन पेरं बोट मातीत खुपसा, ओलं लागलं तर पाणी नाही. थंडीत जमिनीच्या वाफ्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक बकेट, दहाबारा लिटर, बस होतं. गव्हाण लवकर सुकते, तिला रोज हात लावून पाहायचं. वरची काळी माती पांढरी पडून भेगाळते आणि आत चिखल असतो, भेग पाहून पाणी सोडू नका. पाणी जास्त झालं की कोवळी रोपं मानेपाशी कुजून एका रात्रीत आडवी होतात, त्याला मर म्हणतात. आणि टमाटराला आठ दिवस कोरडं ठेवून मग एकदम पाणी दिलं की फळाचं बूड काळं पडतं, फळ तडकतं. तो रोग नाही, औषध शोधत जाऊ नका, पाणी नेमानं द्या. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालेल, साबणाचं नाही.

आता औषधाचं. कोठ्याच्या आढ्याला खोचलेल्या बाटल्या मला माहीत आहेत. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीवर मारायला 2005 पासून बंदी आहे. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारताना वीसच्या आसपास माणसं गेली, ती घरं तुम्हीही ओळखता. त्या बाटल्या त्या पोराला हात लावू देऊ नका. हातमोजे घालून पेटीत ठेवा, कुलूप लावा, चाबी आईकडे. पुरायच्या नाहीत, जाळायच्या नाहीत. मी आले की कृषी सहायकांना विचारून पाहते. तुमचा पाठीवरचा पंपही भाजीला वापरायचा नाही. त्यातून टू-फोर-डी मारलेलं आहे, आणि ते तणनाशक कितीही धुतलं तरी थोडं उरतं. तेवढ्यानंही टमाटराची पानं दोरीसारखी बारीक होतात. एक लिटरचा हातपंप पाठवलाय.

मावा किंवा पांढरी माशी दिसली तर निंबोळी अर्क. दोन लिटर पाण्याला शंभर ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून, फडक्यात बांधून रात्रभर भिजवायच्या, सकाळी पिळून गाळायचं, चिमूटभर साबण विरघळवायचा आणि त्याच संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं मारायचं. उरलेला ठेवायचा नाही, त्याचा जोर जातो. वांग्याचा शेंडा माना टाकून लोंबला की आत अळी आहे असं समजा. तो दोन बोटं खालून कापून घराबाहेर नेऊन नष्ट करा. हे रोज केलंत तर फळं वाचतात. टमाटराचं एखादं झाड चुरडा-मुरडा होऊन आखडलं तर ते सुधारत नाही, उपटून टाका. माया करू नका. तुम्ही करता, म्हणून सांगते.

युरिया पेरायचाच असला तर पालकाच्या पहिल्या कापणीनंतर, गव्हाणीतल्या तेवढ्या तुकड्याला एक चहाचा चमचा, ओळींच्या मधून, लगेच पाणी. वांग्याला मुळीच नाही. पाला माजतो आणि मावा धावत येतो.

आणि बाबा, हे ऐकायचंच आहे: गोळी आणि नाश्ता झाल्याशिवाय आवारात पाऊल नाही. सकाळी एक तास, संध्याकाळी अर्धा, उन्हात नाही. प्लास्टिकचं बुटकं स्टूल पाठवलंय, त्यावर बसून निंदायचं. आई, बाबांची बकेट अर्धीच भर. ते भरून घ्यायला जातील, तर माझं नाव सांग.

मी लक्ष्मीपूजनाला पोचत नाही, भाऊबीजेला येईन. सोमवारी पेरलीत तर तोवर मेथी बोटभर झालेली असेल. पहिली खुडणी माझ्यासाठी थांबवू नका. आईला खुडायच्या आधी, कापूस वेचणीच्या वेळी करते तशी, सीतादहीची पूजा करावीशी वाटली तर करू द्या. वेचणीच्या दिवसात बोंडांनी चिरलेल्या माझ्या बोटांना ती रात्री खोबरेल लावायची, तो हात मला अजून आठवतो. आई, आता मातीचं काम झालं की तुझ्या बोटांना तू लाव, आणि बाबांच्या टाचांनाही.

घुंगरमाळ आढ्यावरून उतरवून आत आणायला सांगितली आहे. ती कुठे टांगायची ते तुम्ही ठरवा, बाबा. मी बोलणार नाही.

तुमची लेक

ता. क. पार्सलमध्ये झारी आहे. पाणी घालताना तिच्या तोंडाची भोकं वर, आभाळाकडे करून धरायची. खाली धरली तर पाण्याच्या माऱ्यानं बी उघडं पडतं. वर धरली की पाणी आधी उसळतं आणि मग पावसासारखं हलकं पडतं. आईला एकदा करून दाखवा.