खोली फोर्टात घेतलीय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि मीही, म्हणून लिहितेय. कोकणकन्येची तिकिटं काढलीत, दोन्ही खालचे बर्थ. पण उतरून आमच्याकडे बदलापूरला यायचं नाही. फोर्टात खोली घेतलीय, पैसे भरून झालेत. दुसऱ्या दिवशी बाबांना सकाळी सातला उपाशीपोटी हॉस्पिटलात हजर व्हायचंय. आमच्याकडच्या लोकलमध्ये त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते. त्यात आमचे तीन जिने. तिथे लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, कमोड आहे, मी स्वतः बघून आले. गणपतीत जे झालं त्याचा याच्याशी काही संबंध नाही, आई. उलट सासूबाईच दोनदा म्हणाल्या, इकडेच आणा.

दुपारी मला रजा नाही, हे मात्र टोचतंय. म्हणून खाण्याचं लिहून ठेवते. ‘माका हाटेलातला नको’ म्हणत दोन दिवस बिस्किटांवर काढायचे नाहीत.

गाडी पहाटे सीएसएमटीला येते. आधी खोलीवर जाऊन झोपा. मग स्टेशनसमोर बाजारगेटला पंचम पुरीवाला आहे, पुरी-भाजी खा. बाबा, दोनच पुऱ्या. आईने मोजाव्यात.

दुपारी टॅक्सीने बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात. १९२३ सालचं इराणी हॉटेल, फक्त दुपारचं चालतं, उशीर करू नका. बेरी पुलाव एकच मागवा, दोघांना पुरतो. त्यातली आंबट लाल फळं इराणची. आई, तुला आमसुलाची आठवण येईल, पण मसाला तिखट नाही, बाबांच्या पोटाला चालेल. मासेच हवेत तर फोर्टात महेश लंच होम आहे. ते मंगळुरी पद्धतीचं, तिरफळ शोधू नका. आणि बिल बघून बाबांनी वेटरला मालवणातले भाव सांगत बसू नये. गेटवेजवळचं लिओपोल्ड कॅफे बाहेरून बघा, आत फार गोंगाट असतो.

बाबा भाऊच्या धक्क्यावर जाणार, हे मला ठाऊक आहे. जा. आता तिथून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी मोठी बोट सुटते. मी पाच-सहा वर्षांची असेन, मालवणात पडावातून मुंबईच्या बोटीत चढताना तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं, आणि रात्रभर लिंबू हुंगायला देत जागे राहिलात. अजून कुठे लिंबू कापलं की मला डिझेलचा वास येतो. पण कठड्याला टेकून उभं राहायचं नाही, आणि उन्हात तर मुळीच नाही.

संध्याकाळी सहाला मी चर्चगेटला येते. के. रुस्तमचं आइस्क्रीम खाऊ, दोन वेफर बिस्किटांमध्ये लादी ठेवून देतात. बाबांना माझ्यातलं अर्धं. साखरेचं मी डॉक्टरांना विचारलंय, अर्धं चालेल म्हणाले. मग मरीन ड्राइव्हला कट्ट्यावर बसू. तुम्ही झोपेपर्यंत मी खोलीवरच थांबेन, शेवटची लोकल मिळते मला.

गोळ्या पर्समध्ये, बॅगेत नको. जुने रिपोर्ट पिशवीत आत्ताच भरून ठेवा. आणि आमसुलं आणू नका, इथे आहेत.

बरं, थोडी आणा.

तुमची,
बाय