ऑल-इनला उत्तर हिशेबाने द्यावे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत पत्त्यांच्या खेळांवर आलेल्या लेखात पोकरच्या टूर्नामेंटविषयी दोन परिच्छेद होते. शेवटच्या टप्प्यात एखादा खेळाडू सतत मोठ्या बोली लावून दबाव आणू लागला, तर आपणही माघार न घेता त्याला भिडावे, असा सल्ला त्यात दिला आहे. पोकरकडे बुद्धीचा खेळ म्हणून पाहिल्याबद्दल मी लेखकाचा मनापासून आभारी आहे. हा एक सल्ला मात्र चुकीचा आहे, आणि नव्याने खेळ शिकणारे लोक नेमके याच ठिकाणी आपले सर्वांत जास्त नुकसान करून घेतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नाशिकच्या गंगापूर रोडवर आम्ही आठजण महिन्यातून दोन रविवारी टेक्सास होल्डेम खेळतो, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पाने आणि मध्ये सगळ्यांसाठी सामाईक पाने असलेला पोकरचा प्रकार. आमच्या खेळात पैसे नसतात. प्रत्येकाला सुरुवातीला ५,००० च्या चिप्स, म्हणजे बोली लावायच्या चकत्या, मिळतात, पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३० आणि तिसऱ्याला २० गुण मिळतात, बाकीच्यांना काहीच नाही, आणि वर्षअखेरीस गुणांची बेरीज होते. केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्याचे मी स्वागतच केले, कारण हा खेळ शिकायला पैशाची गरज नाही, हे आमच्या टेबलावर दर वेळी दिसते. पुढचा सगळा हिशेब या गुणांचाच आहे.

तीन पत्ती खेळलेल्या वाचकांना बूट, म्हणजे डावाआधी सक्तीने भरायची रक्कम, ठाऊक असतो. पोकरमध्ये त्याच्या जागी दोन खेळाडूंना पाने वाटण्यापूर्वी ब्लाइंड भरावी लागते, पुढे अँटी ही आणखी एक सक्तीची रक्कमही येते, आणि टूर्नामेंटमध्ये या रकमा ठरलेल्या वेळाने वाढत जातात. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत एक टप्पा दोन तासांचा असतो, आमच्याकडे वीस मिनिटांचा. त्यामुळे आमच्या शेवटच्या टप्प्यात ५०० आणि १,००० च्या ब्लाइंड आणि १,००० ची अँटी अशा २,५०० च्या चिप्स कोणी काही बोलण्याआधीच टेबलावर पडलेल्या असतात. ज्याच्याकडे १०,००० उरल्या आहेत त्याने ऑल-इन म्हटले, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला लावल्या, आणि सगळ्यांनी पाने टाकून डाव सोडला, तर त्याचा साठा एका झटक्यात पावपटीने वाढतो. समजा त्याला मोठ्या ब्लाइंडवाल्याने कॉल केले, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून उत्तर दिले, आणि तिथे त्याची पाने शंभरांतून फक्त ३५ वेळा जिंकणारी आहेत. मधल्या २१,५०० मधला (दोघांचे २०,०००, छोट्या ब्लाइंडचे ५०० आणि अँटीचे १,०००) त्याचा वाटा सरासरीने ७,५२५ येतो, म्हणजे १०,००० लावून तो २,४७५ गमावतो. बिनविरोध मिळणारे २,५०० आणि कॉल झाल्यावर जाणारे २,४७५ जवळजवळ सारखे असल्यामुळे निम्म्या वेळा जरी समोरच्यांनी पाने टाकली, तरी दुबळ्या पानांवरही चिप्सच्या हिशेबात त्याचे काही बिघडत नाही. ज्याला आपण दांडगाई म्हणतो ती बहुतेक वेळा ही साधी आकडेमोड असते. समोरच्याचा स्वभाव तिच्यात शोधणे व्यर्थ आहे.

मग कॉल करणाऱ्याने तीच आकडेमोड का करू नये? करावीच, पण त्याचे आकडे वेगळे येतात, आणि माझा सगळा आग्रह याच एका मुद्द्यावर आहे. टूर्नामेंटमध्ये चिप्स दुप्पट झाल्या म्हणून त्यांची किंमत दुप्पट होत नाही. चौघे उरले आहेत आणि प्रत्येकाकडे १०,००० आहेत असे धरा. शंभर गुण चौघांत, म्हणून प्रत्येकाच्या जागेची किंमत २५ गुण. दोघे ऑल-इन होऊन एकजण बाद झाला, तर जिंकणाऱ्याकडे २०,००० येतात. पहिला येण्याची प्रत्येकाची शक्यता त्याच्या चिप्सच्या प्रमाणात धरायची, त्याला बाजूला काढून दुसऱ्या क्रमांकासाठी उरलेल्यांत तसेच करायचे, ही जी पद्धत खेळाडू आयसीएम या नावाने ओळखतात, तिने मोजले तर जिंकणाऱ्याच्या नव्या साठ्याची किंमत साधारण ३८.३ गुण येते. म्हणजे २५ गुण पणाला लावून त्याला १३ च्या थोडे वर मिळाले, आणि ज्या दोघांनी पानांना हातही लावला नाही त्यांची किंमत प्रत्येकी जवळजवळ ६ गुणांनी वाढली. असा कॉल करण्यासाठी जिंकण्याची शक्यता निदान ६५ टक्के हवी. पडलेल्या ब्लाइंड धरल्या तरी, ज्याने स्वतः काही भरलेले नाही त्याच्यासाठी हा आकडा दोनेक टक्क्यांनीच खाली येतो. एक्का-दश्शी ही आपल्याला मोठी वाटणारी पाने कोणत्याही दोन पानांविरुद्ध साधारण ६३ टक्के वेळा जिंकतात. समोरचा पाने न बघता ऑल-इन करतो आहे असे खात्रीने ठाऊक असले, तरीदेखील ती जेमतेम काठावर येतात.

हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून आधीपासून माहीत होते, तरी दोन वर्षांपूर्वी मी तीच चूक केली. चौघे उरलो होतो. चिप्समध्ये सर्वांत पुढच्या खेळाडूकडे २०,०००, माझ्याकडे आणि दुसऱ्या एकाकडे प्रत्येकी ९,०००, आणि चौथ्याकडे फक्त २,०००. पुढच्याने लागोपाठ पाचव्यांदा ऑल-इन म्हटले. माझ्या हातात बदामचा एक्का आणि इस्पिकची दश्शी होती, आणि मी रागाने कॉल केले. त्याच्याकडे सत्तीची जोडी निघाली, ती टिकली, आणि दोन हजारवाला एकही पान न खेळता तिसरा आला. घरी येऊन मी तो डाव कागदावर मांडला. पाने टाकली असती तर माझ्या जागेची किंमत साधारण २७ गुण होती, जिंकलो असतो तर ती ३६ झाली असती, म्हणजे कॉल बरोबर ठरण्यासाठी मला चारांतून तीन वेळा जिंकण्याची खात्री हवी होती. पाने न बघता खेळणाऱ्याविरुद्धसुद्धा तेवढी खात्री दश्शीच्या जोडीपासून पुढेच मिळते. माझा राग त्या पाच ऑल-इनवर होता, पण पुढच्याने काही अन्याय केलेला नव्हता. दोन हजारवाला बाहेर पडेपर्यंत आम्हा दोघांना त्याच्याशी भिडणे परवडणार नाही, हे त्याने बरोबर ओळखले होते.

आमच्यातील दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार हे माझ्याआधी समजून गेले होते. बागलाणात लवकर छाटणी करून अर्ली माल काढणाऱ्याला भाव चांगला मिळतो, पण पावसात बाग सापडण्याची भीतीही त्यालाच असते. दहा एकरवाला दोन एकरांवर ती जोखीम घेऊ शकतो, एका एकरवाल्याने त्याचे पाहून तसे केले तर एका पावसात त्याचे वर्ष जाते. चिप लीडर, म्हणजे सर्वांत जास्त चिप्सवाला, आणि मधला खेळाडू यांच्यातला फरक मला याहून चांगला कोणी सांगितलेला नाही.

याचा अर्थ शेवटच्या टप्प्यात हात बांधून बसावे असा मुळीच नाही. पुरवणीतील सल्ल्याला माझा आक्षेप आहे तो भिडण्याच्या जागेबद्दल. कॉल करणाऱ्याला पानांच्या बळावरच जिंकावे लागते, तर आधी ऑल-इन म्हणणारा समोरच्याने पाने टाकल्यावरही जिंकतो, म्हणून ज्या पानांवर कॉल करणे चूक असते त्याच पानांवर स्वतः पहिल्यांदा ऑल-इन म्हणणे पुष्कळदा बरोबर असते. पण त्यासाठी वेळ गाठावी लागते. साठा मोठ्या ब्लाइंडच्या पाच-सहा पटींच्या खाली गेला की आपल्या ऑल-इनला कोणी भीत नाही. तेव्हा आठ-दहा पटी असतानाच, आपल्यापूर्वी सगळ्यांनी पाने टाकलेली असताना, पुढे यावे. पंधरा ते वीस पटी हाताशी असतील आणि आक्रमक खेळाडू प्रत्येक डावात मोठ्या ब्लाइंडच्या दुप्पट बोली लावून चिप्स उचलत असेल, तर नुसते कॉल करून पुढची तीन पाने बघत बसण्यापेक्षा चांगल्या पानांवर त्याच्या बोलीवर ऑल-इन करावे, म्हणजे पाने टाकण्याचा प्रश्न त्याच्यासमोर जाईल. मात्र हे करताना त्याच्याकडे आपल्याहून जास्त चिप्स आहेत का, हे आधी पाहावे. ज्याला आपण बाद करू शकतो तो घाबरतो, जो आपल्याला बाद करू शकतो त्याला घाबरण्याचे कारण कमी असते. चिप्सच्या दोन मोठ्या मालकांनी तर एकमेकांच्या वाटेला जाऊच नये.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगाविशी वाटते. आक्रमक खेळाडूची बोली खोटी असेल तर ती कोणत्या पानांवर असते? जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली अशा खेळांचा पायाभूत सिद्धांत मांडला आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरचा छोटा नमुना सोडवून दाखवला. त्यात चांगला खेळाडू मोठी बोली लावतो ती आपल्या सर्वांत बलवान आणि सर्वांत दुबळ्या पानांवर, मधल्या पानांवर तो शांत राहतो. त्यामुळे समोरचा खोटे बोलत असावा एवढी शंका कॉल करायला पुरेशी नसते. त्याने गेल्या दोन फेऱ्यांत किती वेळा बोली लावली आणि पाने उघडी पडली तेव्हा काय निघाले, हे आठवून मग आपल्या पानांकडे पाहावे. आमच्याकडे मी हे चिठ्ठीवर टिपून ठेवतो.

शेवटी दोघेच उरले की हा हिशेब बदलतो. दुसऱ्या क्रमांकाचे ३० गुण दोघांच्याही पदरात असतात, झगडा उरतो तो वरच्या २० गुणांचा, आणि तिथे प्रत्येक चिपची किंमत पुन्हा सारखी होते. मग कोणत्याही एक्क्यावर, पुष्कळशा राजांवरही पुढे यावे आणि कॉलही मोकळेपणाने करावे. भिडण्याचा सल्ला लेखकाने या टप्प्यापुरता दिला असता तर माझी काहीच तक्रार नव्हती.

तेव्हा संपादकांना विनंती अशी की, पुरवणीत यापुढे पोकरचा एखादा डाव उदाहरण म्हणून छापायचा असल्यास नुसती पाने आणि बोली न देता किती खेळाडू उरले आहेत, प्रत्येकाकडे किती चिप्स आहेत, ब्लाइंड किती आहेत आणि कोणत्या क्रमांकाला काय मिळणार आहे, या चार गोष्टी सोबत छापाव्यात. जागेची अडचण असेल तर पानांचे चित्र वगळले तरी चालेल.

आपला,
एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक